अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर

महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील, उल्हास नदीच्या खोऱ्यात एकमेकांजवळ वसलेली तीन शहरे. लोकसंख्या अनुक्रमे सु. २.५ लाख, ५.०६ लाख व १.७५ लाख (२०११). मुंबईच्या ईशान्येस लोहमार्गाने सु. ५८ ते ६८ किमी. अंतरावर, मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर ती आहेत. शेजारी असूनही त्यांची घडण निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या कारणांनी झाल्याने त्यांचा वारसाही भिन्न आहे.

अंबरनाथ हे यांतील सर्वांत प्राचीन स्थळ. वालधुनी या उल्हासच्या उपनदीकाठी असलेले अंबरेश्वराचे शिवमंदिर उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळातील आहे. तेथील शिलालेखाचा काळ प्रथम शके ७८२ असा वाचला गेला होता; पुढे तो शके ९८२ (इ. स. १०६०) असा निश्चित झाला. छित्तराजाच्या कारकीर्दीत आरंभ होऊन मुम्मुणीच्या कारकीर्दीत ते पूर्ण झाले असे मानतात. बेसाल्टमध्ये बांधलेले हे मंदिर भूमिज शैलीचे असून माळव्यातील उदयपूरचे उदयेश्वर मंदिर त्याला जवळचे आहे. गाभारा जमिनीच्या पातळीखाली असून पायऱ्या उतरून तेथे जावे लागते. शिखराचा वरचा भाग आज नाही. बाह्यभिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत. १८६८ मध्ये मुंबई सरकारने या शिल्पांची रेखाटने व ठसे करविले. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते.

पहिल्या महायुद्धानंतर धरमसी मोरारजी केमिकल कंपनीच्या (स्था. १९१९) कारखान्यामुळे येथे आधुनिक उद्योगांना प्रारंभ झाला. १९५३ मध्ये संरक्षण खात्याचा यंत्रनिर्मितीचा कारखाना निघाला.

उल्हासनगरचा इतिहास फाळणीशी निगडित आहे. दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या कल्याण लष्करी छावणीच्या बराकींत १९४७ नंतर सिंधमधील निर्वासितांना आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसवून वसाहतीस ‘उल्हासनगर’ हे नाव दिले गेले. शहराचे पाच भाग अद्याप ‘कॅम्प’ म्हणूनच ओळखले जातात. लाकडी सामान, तयार कपडे, विशेषतः जीन यांचे लघुउद्योग निर्वासितांनी वाढविले. बहुतेक बराकींच्या जागी आता इमारती आहेत. मूळ भूमी दुरावलेल्या या समाजाचा वारसा वास्तूंपेक्षा सिंधी भाषा, झुलेलालची उपासना व चेटीचंड, चालिहो यांसारखे सण यांत टिकून आहे. १९९६ मध्ये येथे महानगरपालिका स्थापन झाली.

बदलापूर हे उल्हासकाठचे जुने गाव. पूर्वी येथे प्रवासात घोडे बदलले जात, यावरून हे नाव पडल्याची लोकसमजूत आहे. परिसरातील जांभळे प्रसिद्ध आहेत. जवळच्या बारवी धरणातून औद्योगिक वसाहतींना व शहरांना पाणी मिळते. १९८३ मध्ये अंबरनाथ व बदलापूर यांचा समावेश कल्याण महानगरपालिकेत करण्यात आला. १९९२ मध्ये ती पुन्हा वेगळी झाली.

तिन्ही शहरांचे जीवन नद्यांवर अवलंबून आहे. वालधुनी मात्र कारखान्यांच्या व वस्त्यांच्या सांडपाण्याने दूषित झाली असून प्राचीन मंदिराचा परिसरही त्यापासून अलिप्त नाही. जुलै २००५ व जुलै २०१९ मध्ये उल्हासच्या पुराने बदलापूर परिसराची हानी झाली. दुसऱ्या पुरात बदलापूर–वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून सु. एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. मंदिराचे जतन केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. नदीकाठाचे रक्षण केल्याविना मात्र ते अपुरेच राहील.