मनोऱ्याचा निरोप

विमानाला अपघात झाला म्हणजे आपण सहसा यंत्राला, हवेला किंवा वैमानिकाच्या हाताला दोष देऊन मोकळे होतो. पण यंत्र धड असता आणि हात तरबेज असता, एका वाक्याचे दोन अर्थ झाल्यामुळेही शेकडो माणसे प्राणांस मुकली आहेत. त्यांतला सर्वांत भयंकर प्रसंग जरा बारकाईने पाहू.

दिवस २७ मार्च १९७७चा. स्थळ स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बाँबस्फोट झाल्याने तिकडची विमाने टेनेरिफच्या लहानशा विमानतळावर वळवली होती. दाटी इतकी झाली की, निघणाऱ्या विमानांना मुख्य धावपट्टीवरूनच चालत जाणे भाग पडले. त्यात धुके उतरले. पट्टीच्या एका टोकाला डच के.एल.एम. कंपनीचे बोइंग ७४७ उभे होते. त्याच पट्टीवरून अमेरिकन पॅन अॅमचे दुसरे ७४७ संथपणे येत होते. दोन्ही विमानांना परस्परांचा पत्ता नाही, मनोऱ्यालाही ती दिसत नाहीत. सारी भिस्त कानांवर!

आता एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. विमानाला परवानग्या दोन मिळतात. उडाल्यावर कोठे वळावे, किती उंची गाठावी, ही मार्गाची एक. आणि प्रत्यक्ष उड्डाणाची दुसरी. डच विमानाला मिळाली ती पहिली. पण तिच्यातच ‘टेकऑफनंतर उजवीकडे वळा’ असे शब्द होते. सहवैमानिकाने तो निरोप उलट म्हणून दाखवला आणि शेवटी इंग्रजीतून म्हटले, ‘आम्ही आता टेकऑफला आहोत.’ तोवर मुख्य वैमानिकाने विमान पळवायला घेतलेही होते! चालू क्रिया सांगण्याची डच भाषेतली रचना इथे इंग्रजीत उतरली, असे काही जाणकार म्हणतात. ते खरे धरले तर त्याला ‘उडत आहोत’ असेच सुचवावयाचे होते. मनोऱ्यातल्या स्पॅनिश नियंत्रकाने मात्र ‘उड्डाणाच्या जागी उभे आहोत’ असा अर्थ घेतला. तो ‘ओके’ म्हणाला आणि क्षणभराने पुढे बोलला, ‘टेकऑफसाठी थांबा, मी बोलावीन.’

बिनतारी यंत्रावर एका लहरीवर एका वेळी एकानेच बोलावे लागते. नेमक्या त्याच क्षणी, ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत,’ असे अमेरिकन विमान घाईने सांगू लागले. दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि डच विमानात उठली ती एक कर्कश शीळ. स्वच्छ ऐकू आला तो एवढाच ‘ओके’. त्यानंतर फ्लाइट इंजिनिअरने, ‘ते पॅन अमेरिकन बाजूला झाले नाही का?’ असे विचारलेही. पण अधिकारी व नामांकित असलेल्या मुख्य वैमानिकाने ‘झाले’ म्हणून टाकले. अशा ठिकाणी पुन्हा विचारण्याचे धैर्य किती जणांना होते? ५८३ माणसे गेली. अमेरिकन विमानातली ६१ तेवढी वाचली.

या प्रसंगानंतर बोलण्याची शिस्त कडक झाली. ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारावा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणावे असे ठरले. नुसत्या ‘ओके’ने काम भागवणे गैर मानले जाऊ लागले.

तरी गैरसमज संपले नाहीत. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ कोलंबियाचे एक विमान इंधन संपून कोसळले व ७३ जण दगावले. त्याच्या वैमानिकांनी ‘प्रायॉरिटी’ मागितली, ‘इमर्जन्सी’ म्हटले नाही. नियंत्रकांना पहिल्या शब्दात संकट दिसलेच नाही. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ला चरखी दादरीवर दोन विमाने आदळून ३४९ माणसे मेली, तेव्हाही कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांखाली उतरले होते. चालकांचे अपुरे इंग्रजी हे एक कारण चौकशीत नोंदले गेले.

आता पुष्कळ विमानांत मार्गाच्या सूचना पडद्यावर लेखी येतात. उड्डाणाची परवानगी मात्र अद्यापि आवाजानेच दिली जाते.