दहा चॅनेलचा मिक्सर, माइक मात्र चारच!

छोटा मिक्सर घ्यायला निघालात? मग आधी आपले माइक मोजा. भजनाची साधी मांडणी धरू. मुख्य गायकाला एक, पेटीला एक, पखवाजाच्या दोन्ही तोंडांना एकेक, टाळकरी आणि कोरसला मिळून एक. झाले पाच! आता यामाहाचा एमजी १० एक्सयू पाहा. नावात दहा, पण माइक लागतात चारच. बाकीचे सहा चॅनेल म्हणजे तीन स्टिरिओ जोड्या. त्या कीबोर्ड, लॅपटॉप, मोबाइलसाठी. म्हणजे कोरस राहिला बाहेर!

त्याच मालिकेतल्या एमजी १२ एक्सयूमध्ये सहा माइक बसतात. शिवाय चॅनेलला गोल बटणांऐवजी सरकते फेडर मिळतात. भर कार्यक्रमात माइक शिट्टी मारायला लागला की तो एका बोटानं झटक्यात उतरवता यायला हवा. स्टेजसाठी घेत असाल तर फेडरवाला मिक्सरच घ्या, घरच्या रेकॉर्डिंगला गोल बटणं चालतील. दुकानात ‘चॅनेल किती’ विचारू नका, ‘कॅननची सॉकेट किती’ ते विचारा, माइक त्यातच लागतात.

मिक्सर माइकला जी वीज पुरवतो त्या फँटम पॉवरचे ४८ व्होल्ट आले कुठून? नॉर्वेतून! नॉर्वेच्या सरकारी रेडिओच्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीपासून होती. नॉयमन कंपनीनं १९६६ साली त्यांच्यासाठी केएम ८४ हा माइक बनवला, तो त्याच विजेवर चालवला. आज आपल्या मिक्सरवर ‘+४८’ लिहिलेलं बटण असतं, ते या दिव्यांच्या कृपेनं. गंमत म्हणजे स्टेजवरचा लाडका शुअर एसएम ५८ हाही १९६६ चाच, आणि त्याला फँटम लागतच नाही. कंडेन्सर माइकला मात्र ते हवंच. लहान मिक्सरवर एकच बटण बहुधा सगळ्या माइकना वीज देतं. म्हणून जुना रिबन माइक जोडला असेल तर त्या बटणाला हात लावू नका. एरवीही आवाज पूर्ण खाली आणूनच ते दाबा.

वाद्यं मिक्सरला जोडणारी आपली पी-३८ पिन तर सगळ्यात म्हातारी. तिचा जन्म एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाला. ऑपरेटर एकाची लाइन दुसऱ्याला जोडून द्यायचे, ते याच पिनेनं.

बास आणि ट्रेबलची बटणं फिरवताना पीटर बॅक्सँडॉल या इंग्रज इंजिनिअरची आठवण ठेवा. त्यांनी १९५२ साली बास-ट्रेबलचं आपलं सर्किट ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात छापलं आणि जगभरच्या कारखान्यांनी ते उचललं. इतकं मोठं दान क्वचितच कुणी दिलं असेल.

आणि साउंडक्राफ्ट? १९७३ साली ही कंपनी काढणाऱ्या दोघांपैकी फिल डडरिज यांनी लेड झेपेलिनचा साउंड सांभाळला होता. ट्रकमधून मिक्सर नेण्याचे हाल माहीत असलेला माणूस. त्यांचा पहिला मिक्सर थेट प्रवासी पेटीतच बसवलेला होता.

आता मुद्द्याचं. खोक्यावर ‘यूएसबी’ दिसलं की बरेच जण खूश होतात. पण बहुतेक छोटे मिक्सर कॉम्प्युटरला फक्त दोन ट्रॅक पाठवतात, म्हणजे गायक, पेटी, पखवाज सगळं एकत्र कालवून. घरी ऐकताना पखवाज जड वाटला तरी तो एकटा कमी करता येत नाही! प्रत्येक वाद्य वेगळं हवं असेल तर मल्टिट्रॅक मिक्सर लागतो. साउंडक्राफ्टचा सिग्नेचर १२ एमटीके एकाच वेळी १४ ट्रॅक कॉम्प्युटरला देतो. महाग पडतो, पण मंडळाचा अल्बम मनात असेल तर पैसे इथेच घाला. एकट्यानं गाऊन रेकॉर्ड करणाऱ्याला दोन ट्रॅक भरपूर झाले.

ऑक्सकडेही, म्हणजे आवाज वेगळ्या वाटेनं बाहेर पाठवणाऱ्या सोयीकडेही लक्ष द्या. एकच ऑक्स असेल तर तो इकोला द्यायचा की स्टेज मॉनिटरला, यावरून ओढाताण होते. मॉनिटरचा ऑक्स प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीच आवाज उचलणारा हवा. नाहीतर तुम्ही गायकाचा फेडर खाली आणलात की त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येईनासा होतो.

अडॅप्टरही तपासा. काही छोट्या मिक्सरना डीसी नाही, एसी देणारा अडॅप्टर लागतो, तिथे राउटरचा लावून भागत नाही. गावोगाव कार्यक्रम करत असाल तर मिक्सरबरोबरच दुसरा अडॅप्टर घेऊन ठेवा.

दुकानात जाताना स्वतःचा माइक आणि हेडफोन न्या. गेन पाऊण वाढवा, माइकसमोर काही बोलू नका, नुसतं ऐका. खरखर त्रास देईल इतकी असेल तर तो मिक्सर तिथेच ठेवा आणि दुसरा मागा.