निखारा की ज्योत? घरगुती बार्बेक्यूसाठी शेगडी निवडताना

दिवाळी सरून थंडी स्थिरावली की सोलापूर आणि मराठवाड्याच्या ज्वारीच्या पट्ट्यात हुरड्याचे दिवस येतात. शेतात लहानसा खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कोवळी कणसे त्या फुफाट्यात खुपसायची आणि भाजलेले कणीस तळहातावर चोळून गरम दाणे पाहुण्यांच्या पुढ्यात टाकायचे, ही रीत तेथे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. विस्तवाभोवती बसून भाजलेले खाणे हे मराठी मुलखाला मुळीच नवे नाही. नवे आहे ते बार्बेक्यू हे नाव, आणि त्याने शेताच्या बांधावरून थेट इमारतीच्या गच्चीवर व बाल्कनीत केलेले स्थलांतर. हौसेने शेगडी घ्यावयास गेलेल्या कुटुंबापुढे दुकानदार पहिलाच प्रश्न टाकतो : कोळशाची हवी की गॅसची? बहुतेक वेळा या प्रश्नाचे उत्तर किंमत आणि चकाकी पाहून दिले जाते. ते थोड्या विचाराने द्यावे, इतका हा विषय महत्त्वाचा आहे; कारण त्यात चवीबरोबर घरातील माणसांच्या जिवाचाही संबंध येतो.

चवीपासून आरंभ करू. कोळशावर भाजलेल्या पदार्थाची सर गॅसला नाही, असे सर्रास म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, परंतु ते समजले जाते तेथे नाही. लाकूड अपुऱ्या हवेत तापवले असता त्यातील पाणी, तेलकट व धुरकट द्रव्ये निघून जातात आणि मागे उरतो तो बहुतांश शुद्ध कार्बन. यालाच आपण लोणारी कोळसा म्हणतो. लाकडाच्या धुराला जो सुगंध असतो, तो देणारी द्रव्ये भट्टीतच उडून गेलेली असतात. त्यामुळे नीट पेटलेल्या, वर पांढरी राख धरलेल्या निखाऱ्याला स्वतःचा असा वास फारसा नसतोच. मग तो ओळखीचा खमंग वास येतो कोठून? पदार्थातून निथळलेले तूप, तेल आणि मसाल्याचा रस निखाऱ्यावर पडून जळतो, त्याचा धूर वर येऊन पदार्थाला लागतो. वासाचे उगमस्थान हे निथळणे आहे.

शाकाहारी घराच्या दृष्टीने हा मुद्दा निर्णायक ठरतो. मक्याचे कणीस, ढोबळी मिरची, कच्चे केळे, अननसाच्या चकत्या, टोमॅटो यांच्यातून स्निग्धांश गळत नाही. चक्क्यात मुरवलेल्या पनीरवर तूप लावले तर थोडेसे गळते, इतकेच. साहजिकच अशा पदार्थांच्या बाबतीत कोळसा आणि गॅस यांच्या चवीतील अंतर पुष्कळ कमी होते. परदेशी पाककृतींच्या पुस्तकांत कोळशाची जी थोरवी गायिलेली असते, ती प्रामुख्याने मांसाहाराच्या अनुभवावर उभी आहे, हे ध्यानात ठेवून ती वाचावी.

उरलेले अंतरही भरून काढण्याची युक्ती आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहे. पदार्थ भांड्यात ठेवून मधोमध लहान वाटी ठेवावी, वाटीत एक रसरशीत निखारा ठेवून त्यावर चमचाभर तूप सोडावे आणि झाकण घट्ट लावावे. चार-पाच मिनिटांच्या या धुंगाराने गॅसवर भाजलेल्या पनीरलाही निखाऱ्याचा वास लागतो. एका निखाऱ्याने जे साधते त्यासाठी किलोभर कोळसा पेटवावा काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

तरीही कोळशाचा एक गुण खरोखरीच त्याचा स्वतःचा आहे. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. एक किलो एलपीजी जळाला की सुमारे 1.6 किलो पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. कोळशात हायड्रोजन अत्यल्प असल्याने त्याची आच कोरडी असते आणि निखाऱ्यांतून उत्सर्जित होणारी उष्णता थेट पदार्थाच्या पृष्ठभागावर आदळते. निखाऱ्यावरचा पापड किंवा फुलका अधिक खुसखुशीत का लागतो, त्याचे रहस्य यात आहे. कणसाच्या दाण्यांवर पडणारे काळे-तांबूस ठिपकेही निखाऱ्यावर अधिक सुरेख उमटतात. उलट दालबाटीतील बाटी किंवा खानदेशातील बट्टी यांना मंद, चोहोबाजूंनी सारखी आच हवी असते. ती मुळात गोवऱ्यांच्या गरम राखेत दडपून मिळवली जाई. झाकण असलेल्या गॅसच्या शेगडीत एका बाजूचा बर्नर पेटवून दुसऱ्या बाजूस बाट्या ठेवल्या, तर ती जवळजवळ तशीच मिळते, आणि मध्येच आच कमी-अधिक करण्यासाठी बटणाखेरीज कशाला हात लावावा लागत नाही.

गंमत अशी की, कोळशाच्या बार्बेक्यूचा घरोघरी झालेला प्रसार हा बराचसा औद्योगिक हिशेबाचा परिणाम आहे. हेन्री फोर्ड यांच्या मोटारींना त्या काळी पुष्कळ लाकूड लागे. उरलेल्या तुकड्यांचे करायचे काय, या विचारातून 1920 च्या सुमारास अमेरिकेतील मिशिगन राज्यात त्यांनी कोळशाच्या वड्या पाडण्याचा कारखाना काढला आणि त्या वड्या मोटारींच्या विक्रेत्यांमार्फत विकल्या. पुढे 1952 मध्ये शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन यांनी समुद्रात तरंगणाऱ्या बोयाच्या धातूच्या गोळ्यापासून झाकणाची गोल शेगडी बनवली. आज दुकानांत दिसणारी किटलीच्या आकाराची शेगडी ही तिचीच वंशज. आपल्याकडे प्रवाह नेमका उलटा वाहत होता. 1965 मध्ये कलकत्त्यात इंडेनची पहिली जोडणी दिली गेली आणि पुढील दोन-तीन दशकांत शहरांतील स्वयंपाकघरांतून कोळशाची शेगडी, फुंकणी आणि कोपऱ्यावरची कोळशाची वखार हळूहळू दिसेनाशी झाली. काजळी आणि धूर यांतून सुटलेल्या त्या पिढीच्या गृहिणींना नातवंडे हौसेने कोळसा विकत आणताना पाहून हसू येत असेल, तर नवल नाही.

आता खर्चाकडे वळू. दोन इंधनांची तुलना किलोमागच्या भावाने करणे ही चूक आहे; ती मिळणाऱ्या उष्णतेने करावी. एक किलो एलपीजीतून सुमारे 46 मेगाज्यूल, तर एक किलो चांगल्या लोणारी कोळशातून 28 ते 30 मेगाज्यूल उष्णता मिळते. म्हणजे एका किलो गॅसचे काम करावयास सुमारे 1.6 किलो कोळसा हवा. सिलिंडरच्या चालू किमतीस 14.2 ने भागून गॅसचा किलोचा भाव काढावा. कोळशाचा भाव त्याच्या पाच-अष्टमांशाहून अधिक असेल, तर कोळसा महाग पडला असे समजावे. शिवाय कोळसा जेवणाआधी अर्धा तास आणि जेवणानंतरही बराच वेळ जळत राहतो, ती उष्णता वाया जाते. मात्र गॅसच्या शेगडीची मूळ किंमत कोळशाच्या शेगडीच्या कितीतरी पट असते. वर्षातून तीन-चार संध्याकाळीच ती निघणार असेल, तर इंधनात होणारी बचत तिच्या घसाऱ्यालाही पुरणार नाही. खरेदीपूर्वी या संध्याकाळी प्रामाणिकपणे मोजाव्यात. हौसेच्या भरात हा आकडा नेहमी फुगतो.

कोळशाच्या स्वस्ताईची दुसरीही एक बाजू आहे. पारंपरिक मातीच्या भट्टीत एक किलो कोळशासाठी साधारण चार ते सहा किलो लाकूड जाळावे लागते. या भट्ट्यांवर कोण राबते, हेही जाणून घ्यावे. रायगड जिल्ह्यातील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की उचल घेऊन मुलाबाळांसह दूरच्या कोळसाभट्ट्यांवर जातात आणि हंगामभर ती उचल फेडीत राहतात. कर्जाची ही तऱ्हा कोणत्याही खतावणीत नीट दिसत नाही.

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरांना वेळेचे गणितही मांडावे लागेल. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. कोळसा पेटून त्यावर राख धरेपर्यंत अर्धा तास, भाजण्यास पाऊण तास आणि मग पंगत, असे धरले तर दुपारी चारलाच काडी लावावयास हवी. गॅस दहा मिनिटांत तयार होतो. कोळसा वापरणाऱ्यांनी पोते सुपात ओतून, झटकून आणि चाळून मगच तो शेगडीत घालावा. दमट जागी ठेवलेल्या पोत्यात किडामुंगी आसरा घेते, आणि घाईत ही तपासणी हमखास राहून जाते. कोळसा पेटवण्यासाठी रॉकेल तर मुळीच वापरू नये. त्याचा वास पदार्थाला लागतो आणि भडका उडतो. शेगडी भाड्याने आणणाऱ्यांनी जाळी मात्र घरची न्यावी. ओतीव लोखंडाच्या खरबरीत पृष्ठभागात आधीच्या पदार्थांची चरबी मुरून राहते, ती वरवर धुण्याने जात नाही.

सर्वांत गंभीर बाब सुरक्षिततेची. निखारा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट बांधला जातो. परिणामी माणसाला आधी डोकेदुखी, मळमळ व गुंगी येते आणि पुढे शुद्धच हरपते. उत्तर भारतात थंडीत बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली कुटुंबे सकाळी मृतावस्थेत सापडल्याच्या बातम्या दरवर्षी वाचावयास मिळतात. धूर दिसत नाही म्हणून निखारा निर्धोक आहे, हा समज जीवघेणा आहे. धूर थांबलेला निखाराही हा वायू सोडीतच असतो. म्हणून कोळशाची शेगडी आभाळाखालीच हवी. सरकत्या काचांनी बंद केलेली बाल्कनी ही खोलीच समजावी, मग काच हातभर उघडी का असेना. पाऊस आला म्हणून शेगडी आत ओढणे, किंवा थंडीच्या ठिकाणी सहलीला गेले असता जेवणानंतर ऊब मिळावी म्हणून उरलेले निखारे तंबूत वा खोलीत नेणे, हे कदापि करू नये. घरातील वडीलधाऱ्यांनी हे तरुणांना सौम्यपणे नव्हे, तर ठामपणे सांगावे.

गॅसही निर्धोक नाही. त्याचे धोके निराळे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, मोरीत आणि तळघरात उतरतो. उंच मजल्यावरील वाऱ्याने ज्योत विझते आणि गॅस मात्र चालू राहतो, म्हणून पेटत्या शेगडीजवळ कोणीतरी सतत असावे. नळी प्रमाणित असावी आणि पाच वर्षांनी बदलावी. गळतीची शंका येताच रेग्युलेटर बंद करून 1906 या क्रमांकावर कळवावे. परदेशातून येताना शेगडी आणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. आपल्याकडील घरगुती रेग्युलेटर साधारण 30 मिलिबार दाबाने गॅस सोडतो, तर युरोपात कोठे 37, कोठे 50 मिलिबार दाबाची उपकरणे असतात. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस तर वेगळाच. तेवढ्याच घनफळात त्याची उष्णता एलपीजीच्या निम्म्याहून कमी असते आणि त्याला जेटची छिद्रे मोठी लागतात. जाणकार तंत्रज्ञाकडून जेट बदलून घेतल्याशिवाय अशी जोडणी करू नये.

एकूण पाहता, सदनिकेत राहणाऱ्या, सोसायटीची अनुमती आणि शेजाऱ्यांची वाळत घातलेली वस्त्रे यांचा विचार करावा लागणाऱ्या शाकाहारी कुटुंबाने गॅसची शेगडी घ्यावी आणि धुंगाराची वाटी जवळ ठेवावी, हे बरे. ज्यांना स्वतःचे मोकळे अंगण किंवा शेत आहे आणि विस्तवाभोवती बसण्यातच ज्यांचा अर्धा आनंद आहे, त्यांनी खुशाल कोळसा पेटवावा.

त्यांच्यासाठी एक सूचना. वरून विझलेली दिसणारी राख आतून दुसऱ्या दिवसापर्यंत धगधगती राहू शकते. ती प्लास्टिकच्या डब्यात वा कचऱ्याच्या पिशवीत टाकल्याने आगी लागतात. शेगडीला झाकण असेल तर सर्व झडपा बंद करून निखारे हवेअभावी विझू द्यावेत. उरलेला कोळसा पुढील वेळी चालतो. राख पत्र्याच्या डब्यात दोन दिवस झाकून ठेवावी. पेटवण्यासाठी कोणतेही रसायन वापरलेले नसेल, तर मग ती मूठभर कढीपत्त्याच्या कुंडीत घालावयास हरकत नाही.