पीएचडी गाइडच्या मर्जीवर मिळते?

मावळात पीएचडी करणाऱ्या मुलामुलींशी बोलणं निघालं की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘सरांच्या मनात येईल तेव्हाच होणार.’ विषय योगशास्त्राचा असो, भाताचा असो की कार्ले-भाजे लेण्यांचा, वाक्य तेच. घरचेही समजावतात, सर गुरुस्थानी, त्यांच्यापुढे तोंड उघडायचं नाही. मग परिषदेच्या पाहुण्यांना लोणावळा स्टेशनवरून आणणं, सरांच्या नावावर निघणाऱ्या पुस्तकाची प्रुफं तपासणं, त्यांच्या घरचं वीजबिल भरणं, हे सगळं सेवेत जमा होतं. मुलांचं प्रकरण मात्र सरांच्या टेबलावर तीन-तीन महिने पडून राहतं, आणि विचारायला जावं तर ‘बघतो’ एवढंच उत्तर. याला कुणी गुरुशिष्य परंपरा म्हटलं की मला राग येतो. परंपरेत हे बसत नाही आणि नियमात तर नाहीच नाही.

परंपरेचा दाखला हवाच असेल तर तो लोणावळ्यातच आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, गुजरातेत मालसरला परमहंस माधवदासजींकडे योग शिकले. गुरूंवर त्यांची अपार श्रद्धा होती. तरीही उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना पोटात नेमकं काय घडतं हा प्रश्न पडला, तेव्हा गुरूंनी सांगितलंय एवढ्यावर त्यांनी समाधान मानलं नाही. बडोद्याला त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने तपासण्या केल्या. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो असं आढळलं, आणि त्या निर्वाताला त्यांनी माधवदासजींचं नाव दिलं. १९२४ साली लोणावळ्यात त्यांची कैवल्यधाम ही योगसंस्था उभी राहिली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू झालं. प्रयोगांची मोजमापं त्यात छापून येऊ लागली, म्हणजे ज्याला शंका असेल त्याने ती पडताळून पाहावीत. गुरूंच्या शिकवणीला यंत्र लावून बघणं हा गुरुद्रोह आहे, असं त्या शिष्याला वाटलं नाही. आपल्या विद्यार्थ्याने ‘सर, हा आकडा जुळत नाही’ म्हटल्यावर ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनी परंपरेचं नाव घेऊ नये.

आता नियमांकडे येऊ. यूजीसीचे पीएचडीविषयीचे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२ मधले आहेत आणि ते कुणालाही वाचता येतात. त्यांनुसार पीएचडी किमान तीन आणि एरवी कमाल सहा वर्षांची. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती असते, गाइड तिचा निमंत्रक असतो आणि दर सत्रात एकदा विद्यार्थ्याला तिच्यासमोर काम मांडावं लागतं. प्रगती असमाधानकारक वाटली तर समितीने कारणं लिहून ठेवायची आणि सुधारणेचे उपायही सुचवायचे. प्रबंध तपासायला गाइडखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक असतात, ते त्या संस्थेच्या नोकरीत नसतात. म्हणजे विषय ठरण्यापासून तोंडी परीक्षेपर्यंत एकट्या गाइडच्या मर्जीवर काही अडू नये, अशीच ही रचना आहे. ती कागदावरच राहते, कारण अनेक ठिकाणी समितीची बैठक पाच मिनिटांत सह्यांपुरती उरकली जाते. समितीच्या शिफारशींची प्रत विद्यार्थ्याला मिळाली पाहिजे, असंही हाच नियम सांगतो. ती प्रत दर सत्रात मागून घ्या आणि तारीखवार फायलीला लावा. पुढे ‘हा कामच करत नव्हता’ असं कुणी म्हणालं, तर ती फाईल बोलेल.

प्रकरण तीन महिने पडून राहिल्याने काय बिघडतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी वडगाव मावळच्या शिवारात जाऊन यावं. इंद्रायणी भात ज्या गावच्या संशोधन केंद्रातून आला ते हे गाव. जूनमध्ये रोप टाकायचं, जुलैत आवणी करायची. प्रयोगाचा आराखडा, म्हणजे किती वाफे, खताच्या किती मात्रा, कोणती प्रक्रिया किती वेळा, हे मे महिन्यात हातात नसेल तर त्या वर्षीचा खरीप गेला. दोन वर्षांच्या एमएस्सीत खरीप मिळतात दोनच. सरांच्या तीन आठवड्यांच्या ‘बघतो’ची किंमत तिथे एक अख्खं वर्ष असते. शिष्यवृत्तीची मुदत मात्र पुढे सरकत नाही. ठरलेल्या मुदतीत लेखी अभिप्राय देणं हे गाइडचं काम आहे, त्यात उपकार कसला?

याच समजाचं धाकटं भावंड म्हणजे ‘पेपरवर गाइडचं नाव असतंच, आणि तेही पहिलं.’ असतं हे खरं, पण कुठल्या नियमाने? वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वाच्या चार अटी घातल्या आहेत. कामाच्या कल्पनेत, आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा हवा. मसुदा लिहिलेला किंवा त्यात मजकुराच्या अंगाने महत्त्वाची दुरुस्ती केलेली हवी. अंतिम मसुद्याला संमती हवी. आणि कामाची जबाबदारी घ्यायची तयारी हवी. चारही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. नुसती देखरेख किंवा निधी मिळवून देणं पुरेसं नाही, असं ही समिती स्पष्ट म्हणते. ज्या गाइडने प्रश्न घडवायला मदत केली, सांख्यिकीची चूक पकडली, मसुदा तीनदा वाचून दुरुस्त केला, त्याचं नाव जरूर यावं. क्रम कामाच्या वाट्यावर ठरवावा आणि तो काम सुरू होतानाच बोलून, लिहून ठेवावा. पेपर स्वीकारला गेल्यावर वाद घालण्यात दोघांचंही नुकसान आहे, आणि त्यात विद्यार्थ्याचं जास्त.

विद्यार्थ्यांच्या बाजूनेही एक समज चालतो: चांगला गाइड अडलं तर प्रकरण लिहून देतो. असा गाइड चांगला नव्हे. जे लिहिता आलं नाही त्याचा बचाव तोंडी परीक्षेत कोण करणार? लाल शाईने भरलेलं पान परत आलं म्हणून छळ झाला, असंही समजू नये. कोऱ्या पानावर नुसती सही करणाऱ्या गाइडची जास्त काळजी करावी.

बाकीच्या समजांचा निकाल थोडक्यात लावता येतो.

‘दहा टक्के कॉपी चालते.’ २०१८ च्या यूजीसी नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, एवढंच आहे. सॉफ्टवेअर शब्दांचं साम्य मोजतं. दुसऱ्याचा तक्ता उचललात तर साम्य दोन टक्के निघालं तरी ती चोरीच. विद्यार्थ्याचं काम वाङ्मयचौर्यमुक्त असल्याचं प्रमाणपत्र गाइडनेही द्यायचं असतं, तेव्हा न वाचता सही करू नये.

‘जितके जास्त विद्यार्थी तितका मोठा गाइड.’ एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार, ही कमाल मर्यादा आहे.

‘पेपर छापल्याशिवाय प्रबंध घेतच नाहीत.’ २०१६ च्या नियमांतली ती सक्ती २०२२ मध्ये यूजीसीने काढली. आपल्या विद्यापीठाची स्वतःची अट आहे का, ते तेवढं पाहून घ्या. पैसे भरून चार दिवसांत पेपर छापणाऱ्या जर्नलकडे पाठवणारा गाइड विद्यार्थ्याच्या नावाला कायमचा डाग लावतो.

‘योगाच्या प्रयोगाला कसली नैतिक मंजुरी? आसनं तर करायची आहेत.’ हे लोणावळ्याच्या परिसरात ऐकू यावं याचं वाईट वाटतं. माणसांवरच्या संशोधनाला नैतिक समितीची मंजुरी आणि सहभागींची समजून-उमजून दिलेली संमती लागतेच. स्वतःच्याच वर्गातले विद्यार्थी प्रयोगात घेणार असाल तर जास्तच जपायला हवं. ज्याच्या हातात आपले गुण आहेत त्याला नाही म्हणणं सोपं नसतं, म्हणून आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं अशा सहभागींना विशेष संरक्षण द्यायला सांगतात. संमतिपत्र शिकवणाऱ्या गाइडने स्वतः घेऊ नये, दुसऱ्या कुणाला घ्यायला सांगावं.

‘तक्रार केली की करिअर संपलं.’ ही भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पण मार्ग आहेत. बहुतेक विद्यापीठांत गाइड बदलून मिळण्याची तरतूद असते. २०२३ च्या यूजीसी नियमांनुसार संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते, तिने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तिच्या वर विद्यापीठाचा लोकपाल असतो. संस्थेत लैंगिक छळाची तक्रार मात्र अंतर्गत तक्रार समितीकडे करायची.

‘लग्न झालं, आता पीएचडी सुटली.’ हे मुलींना गाइडच सांगतात, आणि तेही सहानुभूतीच्या सुरात. २०२२ च्या नियमांत बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा देता येते, मुदतही दोन वर्षं अधिक वाढवून मिळू शकते. लग्नामुळे किंवा इतर कारणाने गाव बदललं तर संशोधनाची माहिती नव्या संस्थेत नेता येते. काम एखाद्या निधीपुरस्कृत प्रकल्पाचा भाग नसावं आणि आधीच्या संस्थेला व गाइडला श्रेय द्यावं, एवढंच पाहायचं. तळेगावची मुलगी नागपूरला गेली तर तिच्या तीन वर्षांच्या नोंदी तिच्याबरोबर जाऊ शकतात. त्यासाठीचा अर्ज गाइडने स्वतः तिच्या हाती द्यावा आणि त्याच दिवशी पुढे पाठवावा.