खेळाचे कपडे : रंग कोणी बदलायचा?

संघांच्या जर्सीच्या रंगाविषयीचे नियम दोन प्रश्न सोडवायला निघालेले असतात. समोरासमोर आलेले दोन संघ वेगळे ओळखू यायला हवेत, हा पहिला. ते ओळखू येत नसतील तर आपला रंग कोणी सोडायचा, हा दुसरा. पहिल्यावर सहसा कोणी भांडत नाही. चाहत्यांची खरी भांडणे दुसऱ्यावर होतात, फक्त नाव पहिल्याचे पुढे केले जाते. वडनेरहून आलेल्या एका पत्राने हा दुसरा प्रश्न नेमका पकडला आहे.

हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरच्या या वाचकाने कळवलेला प्रसंग डे-नाइट कबड्डी सामन्यातला आहे. दोन्ही संघ नारिंगी जर्सी घालून उतरले. माईकवाल्याची पंचाईत झाली, कारण गावच्या सामन्यात समालोचन रंगावरच चालते. पंचांनी नाणे उडवले. हरलेल्या संघाने जर्सी उलट्या करून घातल्या, तर आतली पांढुरकी बाजू वर आली आणि आकडे गायब झाले. मग कुणीतरी चिकटपट्टीचे तुकडे पाठीवर लावून त्यांवर स्केचपेनने आकडे काढले. पहिल्या दोन-तीन पकडींतच घामाने पट्ट्या सुटल्या. वाचकाचा प्रश्न असा, की पंचांचे हे करणे नियमात बसते का?

कबड्डीच्या नियमांत आकड्याला मोठा मान आहे. खेळाडूच्या छातीवर निदान ४ इंच आणि पाठीवर निदान ६ इंच उंचीचा आकडा असावा, अशी मापे त्यात दिलेली आहेत. नखे काढलेली असावीत, अंगाला तेल किंवा तत्सम काही चोळलेले नसावे, अंगावर दागिने नसावेत, हेही त्याच पंक्तीत येते. म्हणजे नाणेफेक आणि उलट्या जर्सी यांना फार तर समजूतदारपणा म्हणता येईल, पण आकडा गेला तेथे नियम मोडला. चिकटपट्टीची युक्ती निघाली ती बरोबर जागी, टिकली नाही एवढेच.

आकड्याला हा मान का, ते खेळ पाहिल्यावर कळते. चढाई करणारा एकटाच दुसऱ्याच्या अंगणात जातो. तो कोणत्या संघाचा, हे आंधळ्यालाही समजावे. रंगाची गरज पडते ती गठ्ठा पडल्यावर. सात जणांच्या खालून एक हात मध्यरेषेकडे सरकतो, तो हात चढाईवाल्याचा की पकड करणाऱ्याचा, एवढे पंचाला क्षणात ठरवायचे असते. तेथे उपयोग होतो बाहीच्या रंगाचा, आणि बाही नसलेल्या बनियनवर खेळणाऱ्या संघांना तोही मिळत नाही. कोण बाद झाला, बाहेर कोण बसणार, परत कोण येणार, हा हिशेब मात्र सामनाभर आकड्यावर चालतो.

क्रिकेटला तर रंगाची गरज आणखी कमी. मैदानावर एका संघाचे अकरा आणि दुसऱ्याचे दोन. त्या दोघांच्या पायाला पॅड, हातात बॅट. त्यांना क्षेत्ररक्षक समजण्याची चूक कोण करील? कसोटी क्रिकेट दीड शतकाकडे पांढऱ्या कपड्यांत चालू आहे आणि त्यामुळे कोणाचा झेल चुकीच्या माणसाने घेतल्याचे ऐकिवात नाही. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला तेव्हा भारत निळ्यात आणि श्रीलंकाही निळ्यातच होती, ती अंमळ गडद. धोनीने षटकार मारून सामना संपवला त्या चित्रात कोणता निळा कोणाचा हे विचारायची पाळी कुणावर आली नाही.

फुटबॉलमध्ये गोष्ट वेगळी. बावीस माणसे एकमेकांत मिसळून धावतात आणि पास देणाऱ्याला मान वर करायला पुरता क्षणही नसतो. म्हणून त्या खेळाच्या चौथ्या नियमानुसार दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि पंचांपासून वेगळे असावे लागतात. गोलरक्षकाचा रंग तर या सगळ्यांहून निराळा. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये ही गरज पराकोटीला जाते. एका बाजूला १८, दोन्ही मिळून ३६ खेळाडू. मैदान लांबोडके गोल, १३५ ते १८५ मीटर लांब, आणि त्यात कोणी कोठेही जावे, ऑफसाइड नाही. साठ-सत्तर मीटरवरून लाथेने चेंडू पाठवायचा तर समोर धावणारा आपला की परका, हे फक्त रंगावरून कळते. त्या खेळात पाहुण्या संघाने पांढरी चड्डी आणि यजमानाने गडद चड्डी घालायची जुनी रीत आहे, ती याचसाठी.

रंगांची गल्लत झाली तर काय होते याचा सगळ्यांत गमतीदार दाखला १९७८ च्या फुटबॉल विश्वचषकातला आहे. १० जून रोजी अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता येथे फ्रान्स आणि हंगेरी समोरासमोर आले, आणि दोघांनीही आणले होते पांढरे कपडे. घरोघरी तेव्हा अजून कृष्णधवल टीव्ही होते, म्हणून एका संघाने फिकट आणि दुसऱ्याने गडद घालावे असा आग्रह होता. धावपळ झाली. शेवटी किम्बर्ली नावाच्या तिथल्या एका क्लबाच्या हिरव्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांच्या जर्सी उसन्या आणल्या, सामना उशिरा सुरू झाला आणि फ्रान्सने तो परक्या क्लबाच्या कपड्यांत ३-१ असा जिंकला. फ्रान्सच्या अस्मितेचे त्यात काही बिघडले असे कोणी म्हटल्याचे आढळत नाही. कारण ती अडचण होती, हुकूम नव्हता.

हुकूम आला की सूर बदलतो. इंग्लंडच्या फुटबॉल लीगने १८९० च्या सुमारास दोन क्लबांनी सारखे रंग नोंदवू नयेत असेच ठरवून पाहिले. क्लब वाढले, ते जमेना. मग रंग जुळले तर यजमानाने बदलावे अशी रीत पडली. त्यात सोय होती, कारण कपड्यांची दुसरी पेटी घरच्याच मैदानावर असते. १९२१ मध्ये नियम उलटला आणि बदलण्याचे ओझे पाहुण्यावर आले. आज जगभर ‘घरच्या संघाचा रंग पहिला’ हे निसर्गनियमासारखे मानले जाते. ते शंभरएक वर्षांपूर्वी एका समितीने ठरवलेले आहे.

हाच नियम महाराष्ट्रात गाजला तो २०१९ मध्ये. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने आपल्या दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धांसाठी संघांकडे दोन रंगांचे कपडे मागितले आणि रंग जुळल्यास यजमानाला अग्रहक्क दिला. यजमान होते इंग्लंड, त्यांचा रंग निळा. म्हणून ३० जून २०१९ रोजी बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टनवर भारताला निळा सोडावा लागणार होता. जर्सी जाहीर झाली ती समोरून गडद निळी, बाह्या आणि पाठ नारिंगी. ती जाहीर होण्याच्या आधीच मुंबईत वादाला तोंड फुटले होते. समाजवादी पक्षाचे आमदार अबू आझमी आणि काँग्रेसचे आमदार नसीम खान यांनी त्या नारिंगीत सरकारचा भगवा पाहिला. रंग द्यायचाच तर तिरंग्याचे तिन्ही द्या, अशी आझमींची मागणी होती. केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी उलट बाजू घेतली आणि हा शौर्याचा, विजयाचा रंग आहे असे सांगितले. क्रिकेट परिषदेचे म्हणणे कोरडे होते : भारतीय मंडळापुढे रंगांचे पर्याय ठेवले आणि त्यांना बरा वाटला तो त्यांनी निवडला.

या गदारोळात एका गोष्टीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. आठच दिवस आधी, २२ जून रोजी साउदॅम्प्टनला भारताविरुद्ध अफगाणिस्तान आपला निळा बाजूला ठेवून लाल कपड्यांत खेळला होता. नियम तोच. त्या दिवशी भारताने रंग सोडला नाही, म्हणून भारतात तो नियम कुणाला दिसलाच नाही. वर्ध्यापासून वांद्र्यापर्यंत टीव्हीसमोर बसलेल्यांना मोहम्मद शमीची हॅट्ट्रिक आठवते, अफगाणी जर्सी आठवत नाही.

एजबॅस्टनवर इंग्लंडने ७ बाद ३३७ केल्या, रोहित शर्माचे शतक होऊनही भारत ३१ धावांनी हरला. स्पर्धेतला हा भारताचा पहिला पराभव. लगोलग खापर जर्सीवर फुटले. जम्मू-काश्मीरच्या माजी मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्ती यांनी तसे उघड म्हटले. पण सामान्य चाहत्याची नाराजी त्याहून साधी होती आणि कर्णधार विराट कोहलीने ती सामन्याआधीच बोलून दाखवली होती : एका सामन्यापुरते ठीक, कायमचे नको, आपला रंग निळा. हे मत राजकारणाच्या दोन्ही बाजूंहून जास्त टिकाऊ ठरले. नारिंगीला विरोध करणारे आणि तिचे कौतुक करणारे, दोघेही ती निळीच्या जागी कायमची यावी असे म्हणत नव्हते.

चाहत्यांच्या बोलण्याने रंग बदलल्याचे उदाहरण त्याच स्पर्धेतले, शेजारच्या बांगलादेशाचे. एप्रिलअखेर ढाक्यात विश्वचषकाची जर्सी दाखवली गेली ती जवळजवळ पूर्ण हिरवी, अक्षरे पांढरी. राष्ट्रध्वजावरचा लाल कुठे गेला, आणि हिरवा-पांढरा तर पाकिस्तानचा, असा संताप उसळला. १९७१ चे पाकिस्तानविरुद्धचे मुक्तियुद्ध ज्यांच्या घराघरांत शिरून गेले त्या देशात हा आक्षेप किरकोळ नव्हता. मंडळाने लगेच माघार घेऊन जर्सीत लाल आणला. येथे दोन संघ ओळखू येण्याचा प्रश्नच नव्हता. आपण चुकून दुसरे कोणी दिसू नये, एवढेच लोकांचे म्हणणे होते.

हे म्हणणे शेवटच्या टोकापर्यंत कसे जाते, ते पाहायचे तर ऑस्ट्रेलियात पोर्ट ॲडलेडकडे जावे लागते. या लेखमालेतला हा सगळ्यांत आवडीचा तंटा आहे, आणि तो मिटू नये असेही कधीकधी वाटते. पोर्ट ॲडलेड हा गोदी-बंदराच्या वस्तीचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लब, स्थापना १८७०. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची जर्सी किरमिजी आणि निळी होती; त्या रंगांचे टिकाऊ कापड मिळेना म्हणून १९०२ मध्ये काळ्यावर पांढऱ्या उभ्या पट्ट्या आल्या. तुरुंगाच्या गजांसारख्या दिसणाऱ्या त्या जर्सीला लोक ‘प्रिझन बार’ म्हणतात. त्या जर्सीत दक्षिण ऑस्ट्रेलियाची ढीगभर विजेतेपदे आली. १९९७ मध्ये क्लब राष्ट्रीय लीगमध्ये, म्हणजे एएफएलमध्ये घेतला गेला, तेव्हा तेथे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मालक आधीच बसलेला होता : मेलबर्नचा कॉलिंगवूड, स्थापना १८९२. पोर्टला मोरपिशी रंग मिसळून नवी जर्सी शिवावी लागली.

दोन्हीकडचे चाहते तारखांवर भांडतात आणि दोघांच्याही तारखा खऱ्या आहेत. कॉलिंगवूडवाले म्हणतात, पट्ट्या आमच्या आधीच्या. पोर्टवाले म्हणतात, क्लब आमचा जुना, आणि लीग तुमच्या शहराची होती म्हणून तुम्ही आधी आत होता. कॉलिंगवूडविरुद्ध आम्ही पट्ट्या घालणारच नाही, हेही ते मान्य करतात. त्यांची मागणी एवढीच की गावातल्या गावात, ॲडलेड क्रोज या शेजाऱ्याविरुद्धच्या ‘शोडाउन’ सामन्यात त्या घालू द्या. क्रोजची जर्सी निळी, लाल, पिवळी. तेथे रंग जुळण्याचा संबंध नाही आणि कॉलिंगवूडचे मैदान सातशे किलोमीटरवर. तरी नाही म्हणजे नाही. २०१४ मध्ये रिचमंडविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात मात्र, रंग खरोखर जुळत होते तेव्हा, त्याच पट्ट्या घालून पोर्ट खेळला आणि दणक्यात जिंकला. २०२० मध्ये दीडशे वर्षांनिमित्त एका शोडाउनपुरती सूट मिळाली.

मे २०२१ मध्ये पुन्हा मागणी, पुन्हा नकार, वर एएफएलची गुण कापण्याची ताकीद. पोर्टचे खेळाडू नेमून दिलेल्या जर्सीत सामना खेळले, जिंकले, ड्रेसिंग रूममध्ये गेले, घामेजलेल्या जर्सी काढल्या, पट्ट्यांच्या घातल्या आणि रिंगण करून क्लबाचे गाणे म्हटले. सामना संपलेला असल्याने कोणत्या कलमाखाली गुण कापावेत हे सांगणे अवघड होते. नियमाला असा वळसा घालण्यात जी मजा आहे ती आपल्याकडच्या चाळीतल्या भाडेकरूंना समजावून सांगावी लागणार नाही.

पुढे २०२३ मध्ये कॉलिंगवूडशी समजुतीने ठरून पोर्टला शोडाउनमध्ये पट्ट्या घालायला मिळाल्या. शोडाउन वर्षातून साधारण दोनदा होतो. उरलेल्या सामन्यांत पोर्ट मोरपिशीतच उतरतो, आणि एवढ्यावर भागवायचे की आणखी मागायचे, यावर आता पोर्टच्याच चाहत्यांत दोन तट आहेत. ज्यांचा जन्म १९९७ नंतरचा आहे त्यांच्यातल्या काहींना मोरपिशीच आपला वाटतो.