चारशे फोटोंची भीती

मे २०२१ मध्ये आमच्या अण्णांना, म्हणजे आजोबांना, कोरोना झाला. ताप हटेना, तेव्हा डॉक्टरांनी छातीचा सी. टी. स्कॅन सांगितला. नेमके त्याच दिवसांत दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले, की एक सी. टी. म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे. सौम्य लक्षणे असतील तर उगाच सी. टी. करू नका, हा त्यांचा मुद्दा. पण दौंडच्या आमच्या घरात पोचला तो फक्त आकडा! "चारशे फोटो? मी नाही येत," म्हणून अण्णा बसून राहिले. चार दिवसांनी दम लागला तेव्हा उचलून न्यावे लागले. पंधरा दिवस प्राणवायूवर होते.

त्या विधानाला क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने लगेच उत्तर दिले, की आधुनिक यंत्रांत हे प्रमाण पाच-दहा एक्स-रेंएवढेच असते. मग खरे कोणाचे? मी हिशेब मांडून पाहिला. किरणांची मात्रा मिलिसीव्हर्टमध्ये मोजतात. छातीच्या एक्स-रेला ०.०२ ते ०.१, नेहमीच्या सी. टी.ला साधारण ६, कमी मात्रेच्या सी. टी.ला १ ते १.५. सहाला ०.०२ ने भागा, तीनशे येतात, एकाला ०.१ ने भागा, दहा! आणि माती, हवा, अन्न, आकाश यांतून माणसाला वर्षाकाठी जगाच्या सरासरीने २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. म्हणजे छातीचा एक फोटो हा फार तर पंधरा दिवसांचा निसर्गाचा वाटा.

अण्णा घरी आल्यावर आजी नातवाला त्यांच्याजवळ जाऊ देईना. 'अंगात किरणं असतील.' आपल्या जंक्शनवर इंजिनाचा दिवा अंगावर पडतो; गाडी गेल्यावर तो उजेड अंगात राहतो काय? क्ष-किरणांचेही तसेच. पेशींना किंचित अपाय होऊ शकतो, म्हणून विनाकारण फोटो नको, हे खरे. पण किरणे मागे उरत नाहीत. किरणोत्सारी औषध टोचून काही तपासण्या करतात, तिथे मात्र थोडा काळ लहान मुलांपासून दूर राहायला सांगतात. आजीने कुठेतरी तेच ऐकले असावे. सोनोग्राफीत तर ध्वनिलहरी असतात आणि एम. आर. आय.मध्ये चुंबक व रेडिओलहरी. क्ष-किरणांचा तिथे संबंधच नाही.

हल्ली अण्णांचे उलटेच झाले आहे. गुडघा जरा दुखला, की म्हणतात, "एक फोटो काढून टाकू. मागच्या वेळी काढला तेव्हा बरं वाटलं होतं."