बोल्याई बाप-लेक आणि समांतर रेषा

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश, हे आपण कागदी त्रिकोणाचे कोपरे फाडून, जोडून दाखवतो. एकदा एका मुलीने विचारलं, "सर, चेंडूवर पण तेवढीच?" मी "आधी वहीतलं पूर्ण कर" म्हणून तिला बसवलं.

प्रश्न मात्र खरा होता. पृथ्वीगोल घ्या. उत्तर ध्रुवावर काटकोन करणारी दोन रेखावृत्ते विषुववृत्तापर्यंत आणा. तिन्ही कोन काटकोन, बेरीज २७०!

याचं मूळ युक्लिडच्या पाचव्या गृहीतकात आहे. शाळेत आपण ते असं सांगतो: रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा काढता येते. बाकीच्या गृहीतकांवरून हे सिद्ध करायला गणिती दोन हजार वर्षे धडपडले. हंगेरियन गणितशिक्षक फारकाश बोल्याई त्यातलेच एक. हात पोळलेले होते, म्हणून मुलाला, यानोशला (जन्म १८०२), त्यांनी पत्रातून बजावलं की या समांतर रेषांच्या नादी लागू नकोस.

पोरगं ऐकतंय थोडंच! लष्करात इंजिनिअर असलेल्या यानोशने उलटाच विचार केला: समांतर रेषा एकाहून जास्त असतील तर? विसंगती कुठेच येईना. उलट एक नवी, सुसंगत भूमिती तयार झाली. तिच्यात त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० पेक्षा कमी भरते. चेंडूच्या उलट, काहीशी घोड्याच्या खोगिरासारख्या पृष्ठभागावर भरते तशी. १८३२ मध्ये वडिलांच्याच ग्रंथाला जोडलेलं परिशिष्ट म्हणून हे छापून आलं.

फारकाशनी ते आपले जुने मित्र, थोर गणिती गाऊस यांना पाठवलं. उत्तराचा आशय असा: याची स्तुती करणं म्हणजे माझीच स्तुती, मला हे आधीच सुचलं होतं. गाऊसनी हे काही छापलेलं नव्हतं. दुसऱ्या एका मित्राला त्यांनी हा तरुण अव्वल दर्जाचा प्रतिभावंत आहे असं लिहिलं, पण यानोशच्या वाट्याला आलं ते पहिलं पत्र. तो खचला. रशियातल्या लोबाचेव्हस्कीने १८२९ मध्येच अशी भूमिती छापली होती, हे त्याला १८४८ मध्ये कळलं. १८६० मध्ये तो गेला. मागे हस्तलिखितांची हजारो पानं, छापलेलं तेवढं परिशिष्टच.

त्या मुलीसाठी मी पुढच्या आठवड्यात चेंडू नेला. दोरा ताणून धरला की सरळ रेषा मिळते, ती स्केचपेनने गिरवायची. त्रिकोण मोठा काढा, लहान त्रिकोणात फरक दिसत नाही. चेंडू जुनाच घ्या, शाई निघत नाही.